दक्षिण टोकाच्या तीन वाटा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत वाचन गटातर्फे सादर केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीची आणि कार्तिकेयाची पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. गणपतीने आईवडिलांभोवती फेरी मारली आणि पैज जिंकली. कार्तिकेय बिचारा मोरावर बसून खरोखरच निघाला होता. गणरायाची क्षमा मागून आम्ही आज कार्तिकेयाच्या बाजूने बोलणार आहोत. खरोखर पृथ्वीला फेरी मारायची तर वाटेत काय काय लागते, त्यातला एकच अवघड टप्पा आपल्यापुढे मांडायचा आहे. हा टप्पा दक्षिण अमेरिकेच्या शेवटच्या टोकाचा, जिथे अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर एकमेकांना भेटतात.

इतक्या दूरच्या समुद्राकडे आमच्या वाचन गटाचे लक्ष गेले ते एका नावामुळे. आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई आपल्याला परकी नाही. तिच्या पाण्यावरून काय चालले आहे ते या सभागृहात नव्याने सांगायला नको. गोव्यात उतरल्यावर तिची मांडवी होते. त्या मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी एक शिडाची नौका बांधली गेली. लांबी 56 फूट. 2009 साली ती नौदलात दाखल झाली आणि तिचे नाव ठेवले ‘म्हादई’. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटेच निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीला फेरी घालून परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. पुढे 2012-13 मध्ये याच नौकेतून अभिलाष टोमी यांनी कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. सप्टेंबर 2017 मध्ये ‘तारिणी’ या नौकेतून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि मे 2018 मध्ये गोव्याला परतल्या.

अशा प्रदक्षिणेत सुएझ किंवा पनामाचा कालवा वापरायचा नसतो. मग पॅसिफिकमधून अटलांटिकमध्ये यायचे तर दक्षिण अमेरिकेला खालून वळसा घालावा लागतो. तो वळसा म्हणजे केप हॉर्न. आपल्या नदीच्या नावाची नौका त्या टोकावरून गेली, हे वाचून आम्ही नकाशा उघडला, आणि मग तो बरेच महिने मिटताच आला नाही.

आधी जागा समजून घेऊ. दक्षिण अमेरिका खंड मुळ्यासारखा खाली निमुळता होत जातो आणि शेवटी त्याचे शेपूट उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळते. या शेपटाचे समुद्राने आणि हिमनद्यांनी शेकडो तुकडे केले आहेत. उजवीकडे अटलांटिक, डावीकडे पॅसिफिक. एकातून दुसऱ्यात जायच्या मुख्य वाटा तीन, आणि त्या तिन्ही उत्तर-दक्षिण सुमारे 300 किलोमीटरच्या पट्ट्यात एकाखाली एक आहेत. सर्वांत वरची मॅगेलनची सामुद्रधुनी. ती मुख्य भूमी आणि तिएरा देल फुएगो या मोठ्या बेटाच्या मधून जाते. लांबी सुमारे 570 किलोमीटर, आणि सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम दोन किलोमीटर. तिच्याखाली बीगल चॅनेल, सुमारे 240 किलोमीटर लांबीचा, डोंगरांमधला सरळसोट पाण्याचा पट्टा. आणि सर्वांत खाली, केप हॉर्नच्या पलीकडे, उघडा समुद्र. त्याला ड्रेक पॅसेज म्हणतात. हॉर्नपासून अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांपर्यंत तो सुमारे 800 किलोमीटर रुंद आहे.

तुम्ही म्हणाल, 800 किलोमीटर रुंदीचा समुद्र मोकळा असताना अरुंद गल्लीतून जायचे कशाला? याचे उत्तर वाऱ्यात आहे. आफ्रिकेचे दक्षिण टोक 34-35 अंशांवर संपते. केप हॉर्न मात्र 56 अंश दक्षिणेला आहे. उत्तर गोलार्धात तेवढ्याच अंतरावर मॉस्को येते. त्या अक्षांशाच्या खाली पृथ्वीला पूर्ण चक्कर मारली तरी काही लहान बेटे सोडल्यास जमीन लागत नाही. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याला अडवणारे कुणी नाही. वारा अखंड वाहतो आणि लाटा हजारो मैल वाढत येतात. मग एका बाजूला अँडीजची शेवटची रांग आणि दुसऱ्या बाजूला अंटार्क्टिकाचे पुढे आलेले टोक, यांच्या फटीत ते सगळे एकदम शिरते. शिवाय हॉर्नजवळ खोल समुद्राचा तळ एकाएकी वर येतो. खोल पाण्यात लांब आणि सावकाश येणारी लाट उथळ जागी उंच होते, उभी राहते आणि फुटते. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूजवळ लाट फुटताना आपण पाहिली आहे. तीच गोष्ट, फक्त भर समुद्रात आणि दुमजली-तिमजली घराएवढ्या लाटेची.

या फटीतून वाहणारा सागरी प्रवाह जगातला सर्वांत मोठा आहे. सेकंदाला 13 ते 17 कोटी घनमीटर पाणी इथून पूर्वेकडे जाते. जगातल्या सगळ्या नद्यांचे पाणी एकत्र केले तरी त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे भरणार नाही. ही फट कोट्यवधी वर्षांपूर्वी उघडली. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका विलग झाले आणि अंटार्क्टिकाभोवती थंड पाण्याचे कडे फिरू लागले. त्या खंडावर आज जो बर्फ आहे, तो साठण्यामागे या कड्याचाही हात आहे असे शास्त्रज्ञ मानतात.

आता इतिहासाकडे वळू. ही वाट युरोपीय लोक शोधत होते ते मसाल्यासाठी. 1494 च्या तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने जगाची वाटणी केली आणि आफ्रिकेला वळसा घालून भारताकडे येणारा मार्ग पोर्तुगालकडे राहिला. स्पेनला मसाल्याच्या बेटांवर जायचे तर पश्चिमेकडून जाणे भाग होते, आणि मध्ये अमेरिका आडवी. 1513 मध्ये बाल्बोआने पनामाच्या डोंगरावरून पलीकडचा समुद्र पाहिला. समुद्र आहे हे कळले, पण जहाज तिथे न्यायचे कसे?

फर्नांडो मॅगेलन हा मुळात पोर्तुगीज. आपल्याकडच्या वाचकांच्या लक्षात सहसा नसते, पण हा माणूस 1505 मध्ये आल्मेदाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला होता. 1509 ची दीवची लढाई आणि 1511 चा मलाक्कावरचा हल्ला, दोन्हींत तो होता. मसाला कुठून येतो हे त्याने पूर्वेच्या बाजूने पाहिले होते. पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यावर तो स्पेनच्या चाकरीत गेला आणि सप्टेंबर 1519 मध्ये पाच जहाजे व अडीचशेच्या आसपास माणसे घेऊन निघाला.

प्लाता नदीच्या प्रचंड मुखाशी त्याला वाटले, हीच ती वाट. आत जाऊन पाहिले तर पाणी गोडे. मग खाली, आणखी खाली. सान हुलियानच्या बंदरात हिवाळा काढावा लागला. तिथे बंड झाले, ते त्याने कठोरपणे मोडले. एक जहाज किनाऱ्यावर फुटले. 21 ऑक्टोबर 1520 रोजी एका भूशिरापलीकडे पाणी आत वळताना दिसले. आत शिरले तर खाडी संपेना. पाणी खारेच राहिले आणि भरती-ओहोटी चालूच राहिली, म्हणजे पलीकडेही समुद्र असणार. रात्री दक्षिणेच्या किनाऱ्यावर जागोजागी आगी दिसत, म्हणून त्या भूमीला त्याने जे नाव दिले त्यातून तिएरा देल फुएगो, म्हणजे आगीची भूमी, हे नाव रूढ झाले. मधल्या फाट्यांत शोध घेत असताना ‘सान अंतोनियो’ हे सर्वांत मोठे जहाज गुपचूप मागे फिरले आणि बराचसा शिधा घेऊन स्पेनला निघून गेले. उरलेली तीन जहाजे 28 नोव्हेंबरला पलीकडे बाहेर पडली. समोरचा समुद्र त्या दिवशी शांत होता, म्हणून तो ‘पॅसिफिक’ झाला. त्या शांत समुद्राने पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ जमीन म्हणावी अशी दाखवली नाही आणि माणसे चामडी भिजवून खाण्यापर्यंत आली. मॅगेलन स्वतः फिलिपिन्समध्ये 27 एप्रिल 1521 रोजी मारला गेला. ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज 18 माणसांसह सप्टेंबर 1522 मध्ये स्पेनला पोचले.

वाट सापडली, पण तिचा उपयोग फारसा झाला नाही. सामुद्रधुनीच्या पूर्वेच्या तोंडाशी भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो आणि अरुंद जागी प्रवाह सात-आठ नॉट वेगाने धावतो. पश्चिमेच्या भागात डोंगरांवरून अचानक वाऱ्याचे लोट कोसळतात. शिडाच्या जहाजाला समोरच्या वाऱ्यात नागमोडी जात पुढे सरकावे लागते, आणि त्या गल्लीत वळायला जागा नसते. मॅगेलनला 38 दिवस लागले. 1578 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक 16 दिवसांत पार झाला, तर 1766-67 मध्ये वॉलिसला जवळजवळ चार महिने लागले. वाट तीच, पण तिचा हिशेब वाऱ्याच्या हातात.

ड्रेकने पलीकडे जाऊन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची स्पेनची जहाजे लुटली आणि माद्रिदला घाम फुटला. दारच बंद करावे म्हणून स्पेनने पेद्रो सार्मियेंतो याला वसाहत करायला पाठवले. 1584 मध्ये सामुद्रधुनीच्या काठी सुमारे 300 माणसे उतरवली गेली, त्यांत बायका-मुलेही होती. राजाच्या नावाने ‘रे दोन फेलिपे’ नावाचे गाव वसवले. मदत आणायला गेलेला सार्मियेंतो वादळाने आणि पुढे शत्रूच्या कैदेमुळे परत येऊच शकला नाही. धान्य पिकले नाही, जहाज आले नाही. जानेवारी 1587 मध्ये इंग्रज कॅव्हेंडिश तिथे पोचला तेव्हा मूठभर माणसे जिवंत होती आणि घरांतून प्रेते पडून होती. त्याने त्या जागेला नाव दिले पोर्ट फॅमिन, दुष्काळाचे बंदर. आजही नकाशावर स्पॅनिशमध्ये तेच नाव आहे. राजाचे नाव गेले, भुकेचे राहिले.  

दुसरी वाट सापडली ती व्यापारी मक्तेदारीमुळे. ही गोष्ट आपल्या व्यापारी मंडळींना आवडेल. डच ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या सरकारने सनद दिली होती की केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडून किंवा मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून जाऊन व्यापार करण्याचा हक्क फक्त तिचा. आयझॅक ल मेअर हा कंपनीशी भांडून बाहेर पडलेला व्यापारी. त्याने सनद नीट वाचली. दोन वाटांना बंदी आहे, तिसरी सापडली तर? होर्न या गावच्या लोकांकडून पैसा उभा करून त्याने आपला मुलगा याकोब आणि अनुभवी कप्तान विलेम स्खाउटन यांना दोन जहाजे देऊन धाडले. एक जहाज वाटेत, तळ साफ करण्यासाठी पेटवलेल्या आगीत जळाले. दुसरे जहाज सामुद्रधुनीचे तोंड सोडून आणखी दक्षिणेला गेले आणि 29 जानेवारी 1616 रोजी एका काळ्या टोकाला वळसा घालून पॅसिफिकमध्ये शिरले. त्या टोकाला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले, होर्न. इंग्रजीत ते हॉर्न झाले. अनेकांना वाटते की शिंगासारखा आकार म्हणून हे नाव पडले. तसे नाही, ते एका लहान डच गावाचे नाव आहे.

जहाज जावाला पोचले तेव्हा कंपनीच्या तिथल्या अधिकाऱ्याने नवी वाट सापडली यावर विश्वासच ठेवला नाही आणि जहाज जप्त केले. तरुण याकोब परतीच्या वाटेवर वारला. बापाने खटला लढवला आणि भरपाई मिळवली, पण मुलगा गेला तो गेलाच. नाव मात्र गावाचे लागले, आणि पलीकडच्या समुद्राला नाव लागले ड्रेकचे, जो त्या समुद्रातून कधी गेलाच नव्हता. सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर वादळाने त्याला दक्षिणेकडे ढकलले, एवढाच त्याचा या नावाशी संबंध. नावे अशी पडतात.

पुढची तीनशे वर्षे केप हॉर्न हा खलाशांच्या बोलण्यातला धसका होता. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना वारा पाठीशी असतो. उलट जाताना तो तोंडावर येतो. 1788 मध्ये ‘बाउंटी’ या जहाजाचा कप्तान ब्लाय महिनाभर तिथे झगडला आणि शेवटी हार मानून सुकाणू फिरवले. ताहितीला जायला तो आफ्रिकेच्या बाजूने, जवळजवळ अर्धी पृथ्वी जास्त फिरून गेला. वाफेची जहाजे आल्यावर चित्र पालटले. वाफेच्या जहाजाला वाऱ्याची परवानगी लागत नाही, म्हणून 1840 पासून ती मॅगेलनच्या अरुंद गल्लीतून जाऊ लागली. 1843 मध्ये चिलीने तिथे किल्ला बांधला, 1848 मध्ये पुंता अरेनास हे गाव वसले आणि कोळसा भरायला थांबणाऱ्या जहाजांवर भरभराटीला आले. 15 ऑगस्ट 1914 रोजी पनामा कालवा सुरू झाला आणि ही सगळी वर्दळ उत्तरेला निघून गेली. अलीकडे पनामाच्या तलावात पावसाअभावी पाणी कमी पडले तेव्हा तिथून जाणाऱ्या जहाजांची रोजची संख्या घटवावी लागली आणि काही जहाजांनी पुन्हा ही जुनी वाट धरली. वाट जुनी झाली म्हणून बंद होत नाही, हे आम्हाला यावरून जाणवले.

तिसरी वाट म्हणजे बीगल चॅनेल. आमच्या मनात सर्वांत जास्त घर केले ते या वाटेने. 1826 ते 1830 या काळात ब्रिटिश आरमाराचे ‘बीगल’ हे जहाज या किनाऱ्याची मोजणी करत होते. पहिला कप्तान स्टोक्स त्या एकाकी, ओल्या थंडीत खचला आणि पोर्ट फॅमिनला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या जागी फिट्झरॉय आला. 1830 मध्ये त्याच्या माणसांना हा सरळ जलमार्ग दिसला आणि जहाजाचे नाव त्याला मिळाले.

पण या पाण्याला आधीच नाव होते. तिथले यागान लोक त्याला ओनाशागा म्हणत. या किनाऱ्यावर किमान सहा हजार वर्षांपासून माणसे राहत आली आहेत. यागान कुटुंब झाडाच्या सालीच्या होडीतून बेटाबेटांवर फिरे. होडीच्या मधोमध वाळू-मातीच्या थरावर विस्तव कायम पेटता ठेवत, आणि तो सांभाळण्याचे काम मुलांचे. पुरुष पुढे भाला घेऊन बसे. वल्ही मात्र बाईच्या हातात. बर्फासारख्या पाण्यात बुडी मारून शिंपले काढणारीही तीच, कारण पोहणे बायकांनाच येई. कुठल्या खाडीत कोणत्या वाऱ्यात आसरा मिळतो, कुठे होडी बांधायला समुद्रशेवाळ आहे, हे तिला आईकडून कळलेले असे. मॅगेलनने 38 दिवसांत जी वाट शोधली, ब्लायला जी महिनाभरात मिळाली नाही, तिच्या आसपासच्या पाण्यात या बायका रोजचा स्वयंपाक मिळवत होत्या.

फिट्झरॉयने चार जणांना इंग्लंडला नेले. त्यातल्या एका मुलाच्या बदल्यात त्याच्या माणसांना शिंपल्याचे बटण दिले, म्हणून त्याचे नाव पाडले जेमी बटन. त्याचे खरे नाव ओरुंदेलिको. चौघांपैकी एक जण इंग्लंडमध्ये देवीच्या साथीत गेला. जेमी इंग्रजी शिकला, हातमोजे आणि चकचकीत बूट घालू लागला. 1833 मध्ये, याच जहाजावर तरुण चार्ल्स डार्विन असताना, त्याला परत आणून सोडले. वर्षभराने जहाज पुन्हा आले तेव्हा तो कमरेला कातडे गुंडाळून होडीतून भेटायला आला. कृश झाला होता. परत इंग्लंडला येतोस का, असे विचारल्यावर नको म्हणाला. कप्तानासाठी त्याने कातडी भेट आणली होती.

डार्विन मोठा माणूस, पण या लोकांची बोली ऐकून त्याने लिहिले की हिला स्पष्ट उच्चारांची भाषा म्हणणेही कठीण आहे. पुढे थॉमस ब्रिजेस नावाचा मिशनरी तिथे आयुष्यभर राहिला. त्याने त्या भाषेचा कोश केला. त्यात सुमारे 32,000 शब्द भरले. ऐकणाऱ्याला कळत नाही म्हणून भाषा गरीब ठरत नाही, एवढे हा आकडा सांगतो.

कोश वाढत होता आणि माणसे कमी होत होती. सील मारणारी जहाजे आली, त्यांनी अन्न संपवले. वस्त्या आल्या, त्यांच्याबरोबर गोवर आणि क्षय आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अडीच-तीन हजार असावेत असे मानले जाणारे यागान पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शंभराच्या आसपास उरले. ब्रिजेसचा कोश अनेक हातांतून फिरत, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, 1933 मध्ये छापला गेला.

नवारिनो बेटावरच्या पुएर्तो विल्यम्सजवळ क्रिस्तिना काल्देरोन नावाच्या बाई राहत असत. जन्म 1928 चा. लव्हाळ्याच्या टोपल्या विणून विकत. 2005 मध्ये त्यांची वहिनी एमेलिंदा गेली आणि यागान ही जन्मभाषा असलेल्या त्या एकट्याच उरल्या. नातीच्या मदतीने त्यांनी जुन्या गोष्टी लिहून ठेवल्या, मुलांना शब्द शिकवले. 16 फेब्रुवारी 2022 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी त्या वारल्या. म्हणजे सोळा-सतरा वर्षे त्यांच्याकडे एक अख्खी भाषा होती आणि ती बरोबरीने बोलायला समोर कुणी नव्हते. आम्ही हे वाचले त्या रविवारी पुढचे पान उलटायला कुणीच तयार नव्हते.

या वाटेच्या वादाची हकीकत थोडक्यात सांगतो. ‘सीमा’ हा शब्द आपल्या घराघरांत कसा बोलला गेला आहे, ते आपण जाणतो. 1881 च्या तहाने चिली आणि अर्जेंटिनाने सीमा आखली आणि मॅगेलनची सामुद्रधुनी सर्व देशांच्या जहाजांना कायमची खुली ठेवली. पण बीगल चॅनेलच्या पूर्व तोंडाशी असलेली पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटे कुणाची, यावर वाद राहिला. 1977 च्या लवादाने ती चिलीला दिली. अर्जेंटिनाने निवाडा नाकारला. डिसेंबर 1978 मध्ये दोन्ही आरमारे समोरासमोर निघाली. नाताळच्या तोंडावर, अगदी शेवटच्या घटकेला पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्यस्थी देऊ केली आणि लढाई टळली. त्यांचे दूत कार्डिनल सामोरे यांनी चिकाटीने बोलणी चालवली, पण तह पाहायला ते राहिले नाहीत. नोव्हेंबर 1984 मध्ये अर्जेंटिनाने लोकांना विचारले, मोठ्या बहुमताने होकार मिळाला आणि त्याच महिन्यात तह झाला. बेटे चिलीकडे राहिली आणि समुद्राच्या हद्दीबाबत अर्जेंटिनाचे म्हणणे बरेचसे मान्य झाले. आज उत्तर काठावर अर्जेंटिनाचे उशुआया आणि दक्षिण काठावर चिलीचे पुएर्तो विल्यम्स एकाच पाण्याकडे पाहत उभी आहेत. शंभर वर्षे लागली, पण युद्ध न होता प्रश्न सुटला. या शंभर वर्षांत ओनाशागाच्या मूळ लोकांना मात्र कुणी बोलणीला बोलावले नाही.

नकाशावर या तीन वाटांची नावे पाहा. मॅगेलन, ड्रेक, होर्न, बीगल. सगळी नावे तिथून जाणाऱ्यांच्या जगातली. या वाटांना राहणाऱ्यांनी दिलेले नाव मोठ्या नकाशावर शोधून सापडत नाही. आम्ही दर्यावर्द्यांना कमी लेखत नाही. त्या लाटांत लाकडी जहाज घालायला छाती लागते, आणि केप हॉर्नवर 1992 मध्ये उभारलेले अल्बाट्रॉस पक्ष्याचे स्मारक तिथे बुडालेल्या खलाशांसाठी आहे, ते योग्यच आहे. पण जाणाऱ्याकडे जहाज असते, रोजनिशी असते, मागे लिहून ठेवणारे असतात. राहणाऱ्याचे ज्ञान तोंडी असते आणि ते बोलणाऱ्याबरोबर संपते.

आपणही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसे आहोत. आपली मराठी यागानसारखी मूठभरांची नाही, कोट्यवधी लोक ती बोलतात, तेव्हा उगाच गळा काढण्याचे कारण नाही. पण आपल्या इथली मराठी, तिच्यातले कानडी वळण, ओढ्यांची आणि माळांची नावे, कोणत्या रानात कोणती भाजी कधी येते हे सांगणारे शब्द, हे पुण्या-मुंबईच्या कोशात नाहीत. ते आपल्या आजी-आजोबांकडे आहेत, आणि नातवंडे दुसऱ्या माध्यमाच्या शाळांत शिकत आहेत. त्याला इलाज नाही आणि त्यात वाईटही काही नाही. फक्त एक वही घालावी आणि विचारावे. आमच्या गटाने या उत्सवापासून तेवढे काम हाती घ्यायचे ठरवले आहे: सभासदांच्या घरी जाऊन इथले शब्द आणि इथल्या जागांची नावे लिहून घेणे. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेले कुणी आहे त्यांनी आम्हाला बोलवावे. चहा नसला तरी चालेल.

बालमित्रांनो, पृथ्वीचा गोल इथे समोरच ठेवला आहे. तो तुमच्याच विभागाकडून उसना आणला होता. जाताना त्यावर बोट ठेवून मुंबईहून निघा, केप हॉर्नला वळसा घाला आणि परत या. मधल्या पाण्याला तिथली माणसे काय म्हणत होती, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

गणपती बाप्पा मोरया!